बर्फावरील पाठीराखा

आमच्या शाळेच्या क्रीडांगणाला पश्चिमेकडे थोडा उतार आहे. हा उतार मुरूम टाकून सारखा करावा असा ठराव आमच्या देखत तीन वेळां झाला, व तिन्ही वेळां मुरूम दुसऱ्याच कामीं खर्ची पडला. यामुळें पश्चिमेचा गोल ज्या पक्षाच्या वांट्यास येतो त्या पक्षाच्या पाठीराख्यांची, म्हणजे ज्यांना आपण ‘बॅक’ म्हणतों त्यांची, मोठी कसोटी लागते. चेंडू आपण होऊनच त्यांच्याकडे घरंगळत येतो, त्याच्यामागून विरुद्ध पक्षाचे पांच गडी धांवत येतात, आणि टाळ्या मात्र पलीकडच्या गोलाजवळ वाजतात. या मैदानाच्या कडेला शिटी घेऊन उभे राहण्यांत आमचीं कितीएक वर्षें गेलीं. परंतु पाठीराखा करतो तरी काय, हें आम्हीं कधीं नीट पाहिलें नव्हतें. तें पाहावयास आम्हांस एका परदेशी तरुणानें लावलें, आणि तेंही मैदानावर नव्हे, बर्फावर.

या तरुणाचें नांव मिरो हेइस्कानेन. हा फिनलंड देशाचा. त्याच्या उमेदवारीच्या कांहीं वर्षांची हकीकत येथें द्यावी असा आमचा विचार आहे. विद्यार्थी मित्रांना ती आवडेल अशी आशा आहे. पालकांनींही ती वाचावी अशी आमची विनंति आहे. कारण या हकीकतींत आमची स्वतःची एक चूक गुंतलेली आहे, व ती आम्ही आजवर कोणाजवळ बोललों नाहीं.

२०१९ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टींत आम्ही अमेरिकेस गेलों होतों. आमचे धाकटे बंधु टेक्सस राज्यांत, डॅलस शहराच्या उत्तरेस फ्रिस्को म्हणून गांव आहे तेथें, नोकरीनिमित्त राहतात. त्या बाजूस मराठी बिऱ्हाडें पुष्कळ आहेत. एके दिवशीं वाण्याच्या दुकानांत मेथीच्या जुड्या चाळवीत असतां पाठीमागून कोणी बाई “अहो, जरा सरकतां का?” म्हणाल्या, व आम्ही सहजच सरकलों, आपण सातासमुद्रांपलीकडे आहों याची आठवण मागाहून झाली. ऊन म्हणाल तर आपल्या सोलापूरकडचें. अशा गांवांत बारा महिने बर्फ गोठवून ठेवलेली एक प्रचंड इमारत आहे, आणि डॅलस स्टार्स नांवाचा बर्फावरील हॉकीचा नामांकित संघ तेथें सराव करतो, असें आमच्या पुतण्यानें सांगितलें तेव्हां आम्हीं तें अर्धेंच खरें मानलें. पुतण्या बारा वर्षांचा. त्यानें आम्हांस हाताला धरून तेथें नेलें.

सामान्य लोकांसाठीं राखून ठेवलेल्या वेळीं तेथें कोणालाही भाड्यानें पात्याचे बूट घेऊन बर्फावर उतरतां येतें. आम्हीही उतरलों. उतरलों म्हणण्यापेक्षां बसलों म्हणणें अधिक खरें होईल. आम्ही कठडा धरून उठत असतां चार-पांच वर्षांची एक चिमुरडी आमच्याकडे तोंड करून, उलट्या पावलीं, सरसर मागें निघून गेली. तिनें एकदांही मागें वळून पाहिलें नाहीं. भिंत कोठें आहे हें जणूं तिच्या पाठीला कळत होतें. त्या दिवशीं आमच्या गुडघ्याला जें लागलें तें पंधरा दिवसांत बरें झालें. पण ती मागें जाणारी मुलगी आमच्या डोळ्यांपुढून हलेना.

हा खेळ आपल्या हॉकीचा भाऊबंद खरा, पण स्वभावानें अगदीं निराळा. अकरांच्या ऐवजीं सहा गडी. त्यांत एक गोलकीपर, दोन पाठीराखे आणि तीन पुढचे. चेंडूच्या जागीं घट्ट रबराची चकती असते, तिला ‘पक’ म्हणतात. ती तीन इंच रुंद, एक इंच जाड व वजनानें साडेपांच ते सहा औंस भरते. तिकडील मैदान २०० फूट लांब व ८५ फूट रुंद असतें आणि भोंवतीं कठडा व त्यावर कांच असते. चकती कठड्यावर आपटून पुन्हां खेळांत येते. त्यामुळें चेंडू बाहेर गेला म्हणून जरा दम खावा, ही आपल्याकडची सोय तेथें जवळजवळ नाहींच. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. गडी इतक्या वेगानें खेळतात कीं, पाऊण मिनिटांत ते थकतात. मग खेळ चालू असतांनाच ते कठडा ओलांडून बाहेर येतात व ताजे गडी आंत उड्या घेतात.

आतां यांत पाठीराख्याचें काम पाहा. आपला बॅक वळतो आणि आपल्या गोलाकडे धांवत सुटतो. बर्फावरच्या बॅकनें पाठ फिरविली कीं, तेवढ्या क्षणांत समोरचा गडी त्याच्या बाजूनें निघून गेलाच म्हणून समजावें. म्हणून तो समोर तोंड ठेवूनच, बुटांच्या पात्यांनीं बर्फावर डावा-उजवा अर्धचंद्र काढीत, उलटा पळतो. आणि पुढून भरधांव येणाऱ्या माणसाच्या वेगाशीं आपला उलटा वेग जुळवून घेतो. जवळ फार गेला तर चकला. लांब फार राहिला तर समोरच्याला नेम धरावयास मोकळीक मिळाली. या दोहोंच्या मधलें अंतर हातभरच असतें, व तें क्षणोक्षणीं बदलतें.

पुतण्याच्या खोलींत ४ आंकड्याचा हिरवा सदरा टांगलेला होता. तो हेइस्कानेनचा. गोल करणारे एवढे नामांकित गडी संघांत असतांना तूं या बॅकचाच सदरा कां घेतलास, असें आम्हीं विचारलें. तो थोडा विचार करून म्हणाला, “काका, तो कधीं घाई करत नाहीं.” बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडून हें कारण ऐकून आम्ही चकित झालों, आणि त्याच रात्रीं दूरचित्रवाणीसमोर त्याच्याशेजारीं जाऊन बसलों.

मिरो हेइस्कानेन याचा जन्म १८ जुलै १९९९ रोजीं एस्पो या गांवीं झाला. एस्पो हें राजधानी हेल्सिंकीला पश्चिमेकडून लागूनच आहे. येथें एक योगायोग सांगण्यासारखा आहे. त्याच्या जन्माच्या आधीं एक महिनाही झाला नसेल, तेव्हां, म्हणजे जून १९९९ मध्यें, डॅलसच्या याच संघानें स्टॅन्ली चषक जिंकला. आणि त्या विजयी संघांत येरे लेहतिनेन नांवाचा जो फिनिश गडी होता तो एस्पोचाच. लेहतिनेन १९९५ पासून २०१० पर्यंत डॅलसखेरीज दुसऱ्या कोणत्याही संघाकडून त्या लीगमध्यें खेळला नाहीं. पुढच्या रांगेंत खेळणारा असूनही विरुद्ध पक्षाला अडविण्यांत तो निष्णात, व त्या गुणाबद्दलचें पारितोषिक त्यानें तीन वेळां मिळविलें. टेक्ससच्या लोकांना फिनलंडच्या मुलाचें वागणें नवें नव्हतें तें त्याच्यामुळें.

फिनलंडची लोकसंख्या अवघी पंचावन्न लाखांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या एकट्या मुंबईची निम्मीही नाहीं. अशा लहान देशांत हा खेळ घरोघरचा आहे. ‘लीगा’ ही तेथील पहिल्या प्रतीच्या संघांची स्पर्धा. हेल्सिंकीचा एच. आय. एफ. के. हा १८९७ सालीं स्थापन झालेला जुना संघ तींत खेळतो. या संघानें २०१६ च्या हंगामांत हेइस्कानेनला प्रौढांच्या बरोबरीनें उतरविलें. तो सतरा वर्षांचा होता. समोर तीस-तीस वर्षांचे, दाढीमिशांचे, अंगानें त्याच्या दीडपट असलेले गडी. त्या पहिल्या हंगामांत तो ३७ सामने खेळला; ५ गोल केले व ५ गोलांना हातभार लावला. आंकडे पाहिले तर यांत डोळे दिपण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु पाठीराख्याचा खरा हिशेब, त्याच्या बाजूनें जें घडलें नाहीं त्यावर असतो, आणि न घडलेल्या गोष्टींची नोंद कोणत्या वहींत करावयाची? आमच्या शाळेच्या पारितोषिकांच्या यादींतही ‘सर्वांत अधिक गोल’ यासाठीं ढाल आहे. अडविलेल्या गोलांसाठीं कांहीं नाहीं. ही यादी आम्हींच तयार केलेली आहे.

अमेरिका व कॅनडा या दोन देशांतील धंदेवाईक संघांची नॅशनल हॉकी लीग म्हणून एक संस्था आहे. जगांतील होतकरू मुलांची निवड हे संघ दर वर्षीं पाळीपाळीनें करतात. मागील वर्षीं जे मागें पडले त्यांना आधीं पाळी मिळावी असा मूळ हेतु; पण मग कोणी मुद्दामच हरूं लागेल, म्हणून पहिल्या कांहीं पाळ्यांसाठीं सोडत काढतात. २०१७ च्या एप्रिलमध्यें निघालेल्या सोडतींत, हिशेबानें आठव्या जागीं असलेल्या डॅलसला एकदम तिसरी पाळी मिळाली. जूनच्या २३ तारखेस शिकागो येथें निवड झाली. पहिला निको हिशर हा स्वित्झर्लंडचा मुलगा, दुसरा नोलन पॅट्रिक हा कॅनडाचा, आणि तिसरा हेइस्कानेन. त्याला अठरा वर्षें पुरीं होण्यास पंचवीस दिवस होते. चौथा निवडला गेलेला केल मकार हाही पाठीराखाच, व तोही पुढें थोर निघाला. दोघांत सरस कोण हा वाद पुतणे मंडळींनीं खुशाल घालावा.

वाचकहो, आतां मुख्य गोष्ट पुढेंच आहे. सतराव्या वर्षीं ज्याची जगांतून तिसरा म्हणून निवड झाली, त्यानें काय केलें असेल? तो घरीं परत गेला. २०१७-१८ चें सबंध वर्ष तो हेल्सिंकींत, आपल्या जुन्या संघांत, आपल्या भाषेंत, घरापासून हाकेच्या अंतरावर खेळला. (तो चौथा मकार तर पुढें दोन वर्षें आपल्या महाविद्यालयाच्याच संघांत राहिला.) त्या हंगामांत हेइस्कानेननें ३० सामन्यांत ११ गोल केले व १२ गोलांना हातभार लावला, लीगांतील उत्तम पाठीराख्याचें, पेक्का राउताकालिओ या जुन्या खेळाडूच्या नांवाचें पारितोषिक त्याला मिळालें, आणि फेब्रुवारी २०१८ मध्यें दक्षिण कोरियांतील प्याँगचँग येथील ऑलिंपिक सामन्यांत, अठराव्या वर्षीं, त्यानें देशाचा सदरा अंगांत घातला. त्या सामन्यांना अमेरिकन लीगनें आपले गडी सोडले नव्हते, म्हणून घरच्या संघांतील मुलांना संधि मिळाली. फिनलंड उपांत्यपूर्व फेरींत कॅनडाकडून शून्य विरुद्ध एक गोलानें हरला.

पुतण्या हें सारें मोठ्या अभिमानानें सांगत होता. “थांबला म्हणून एवढा तयार झाला, काका,” असें तो म्हणाला, आणि आमच्या हातांतील चहा तसाच राहिला.

कारण १९९९ सालींच जन्मलेला दुसरा एक पाठीराखा आम्हांस ठाऊक होता.

त्याचें नांव येथें देत नाहीं. त्याचे वडील गवंडी. तो आमच्या शाळेंत सहावींत आला तेव्हांपासून पश्चिमेच्या गोलापुढें उभा राहात असे. उंच, शांत, बोलणें जवळजवळ नाहींच. २०१४ च्या उन्हाळ्यांत, तो नववींत जावयाचा होता त्या वेळीं, दूरच्या एका मोठ्या शहरांतील निवासी क्रीडासंस्थेची मंडळी जिल्ह्यांत मुलें पाहावयास आलीं. त्यांनीं तीस मुलांतून त्याला वेचला. आमचा आनंद काय सांगावा! शाळेंतील मुलगा प्रथमच निवडला गेला होता. आम्हीं अर्ज स्वतःच्या अक्षरांत भरला, मुख्याध्यापकांची सही घेतली, वडिलांना बोलावून आणून बसविलें व अर्धा तास त्यांना भविष्याचीं चित्रें दाखविलीं. ते म्हणाले, “सर, तुम्हांला कळतं. आम्हांला काय कळणार?” मुलगा दाराशीं उभा होता. त्याला आम्हीं विचारलें नाहीं. विचारलें असतें तर तो ‘सर म्हणतील तसं’ म्हणाला असता हें खरें, पण आम्हीं विचारलेंच नाहीं.

एस. टी. स्टँडवर त्याला पोंचवावयास आम्ही गेलों होतों. पत्र्याची पेटी, आईनें बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी, आणि नवी हॉकी, जी आम्हीं घेऊन दिली होती. गाडी सुटली तेव्हां त्यानें खिडकींतून हात हलविला नाहीं; दोन्ही हातांनीं ती हॉकी घट्ट धरली होती.

दिवाळीच्या सुट्टीला तो आला तो परत गेला नाहीं. तेथें काय झालें याची एकच एक गोष्ट नाहीं. उंच व चपळ म्हणून त्याला पुढें खेळावयास लावलें, पुढें त्याचें मन लागेना, चुकला कीं बोलणीं बसत, रात्रीं झोंप येत नसे, ज्वर आला, पंधरा दिवस अंथरुणांत गेले. त्या संस्थेला दोष देण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. तेथून चांगले गडी निघालेले आहेत. पण चौदा वर्षांच्या मुलाला एक वर्ष, निदान दहावीपर्यंत, घरीं ठेवून पाहूं, ही गोष्ट कोणीतरी बोलावयास पाहिजे होती, व तें बोलण्याचा अधिकार ज्या एका माणसाला होता तो अर्जावरची शाई वाळण्याचीही वाट पाहत नव्हता. मुलाचें वर्ष फुकट गेलें. पुढें तो शाळेंत आला, पण मैदानावर आला नाहीं. खेळाच्या तासाला ग्रंथालयांत बसूं लागला. २०१७ मध्यें दहावी पास झाला. त्याच जूनमध्यें शिकागोची ती निवड झाली. आमचा मुलगा तेव्हां वडिलांच्या हाताखालीं विटा देत होता.

ही तुलना न्यायाची नव्हे, हें आम्हांस समजतें. हेइस्कानेनच्या घरापासून थोड्या अंतरावर देशांतला अव्वल संघ होता, प्रौढांचे सामने होते, बारमाही बर्फ होता. त्याला थांबून शिकतां आलें, कारण थांबण्याच्या जागीं शिकविणारें कोणी होतें. आमच्या मुलाच्या घराजवळ काय होतें? उताराचें मैदान आणि शिटी घेतलेले आम्ही. तो थांबता तर कदाचित् कांहींच झाला नसता. परंतु नवव्या इयत्तेंतला, मैदानावर हंसणारा मुलगा तर राहिला असता! आमच्या मनाची समजूत आम्हीं पुष्कळ प्रकारें घातली. ती टेक्ससमध्यें त्या रात्रीं एकदम उतरली.

पुन्हां हकीकतीकडे वळूं. ऑक्टोबर २०१८ मध्यें हेइस्कानेन डॅलसकडून खेळूं लागला. संघांत एसा लिंडेल हा व्हांटा गांवचा फिनिश पाठीराखा आधींपासून होता, आणि रोपे हिंट्स हा दुसरा फिनिश मुलगाही त्याच हंगामांत आला. परक्या मुलुखांत जेवतांना आपल्या भाषेंत बोलावयास दोन माणसें मिळालीं, याचें मोल वसतिगृहांत राहिलेल्या मुलांना सांगावयास नको. त्या वेळीं लीगच्या हंगामांत प्रत्येक संघाचे ८२ सामने होत. नवशिके त्यांतले अर्धेमुर्धे खेळतात. हा ८२ चे ८२ खेळला, व दर सामन्यांत सरासरी तेवीस मिनिटें बर्फावर राहिला. साठ मिनिटांच्या खेळांत तेवीस! १२ गोल केले, २१ गोलांना हातभार लावला. जानेवारी २०१९ मध्यें सॅन होजे येथें निवडक खेळाडूंचा जो मेळावा भरला त्यांतही त्याला स्थान मिळालें. मात्र वर्षातील उत्तम नवोदिताच्या पारितोषिकासाठीं शेवटच्या तिघांत त्याचें नांव नव्हतें. पुतण्याला याचा फार राग आहे.

पुढें चषकाचे सामने सुरू झाले. १० एप्रिल २०१९ रोजीं नॅशव्हिल येथें हेइस्कानेन अशा सामन्यांत पहिल्यानेंच उतरला व त्यानें दोन गोल केले. डॅलसनें तो सामना तीन विरुद्ध दोन असा जिंकला. आम्हीं पाहिला तो मात्र ७ मे रोजींचा, सेंट लुईस येथील सातवा व निकालाचा सामना. एक-एक अशी बरोबरी झाली, जादा डाव झाला, त्यांतही निकाल लागेना, दुसरा जादा डाव सुरू झाला. डॅलसचा गोलकीपर बेन बिशप यानें ५२ फटके अडविले. शेवटीं सेंट लुईसच्या पॅट मॅरून यानें गोलाच्या तोंडाशीं पडलेली चकती आंत ढकलली आणि संपलें. हा मॅरून सेंट लुईस गांवचाच पोर. घरच्या लोकांपुढें तो गोल झाला. पुतण्या उशींत तोंड खुपसून रडूं लागला. आम्हांला त्याला समजवितां आलें नाहीं. आम्ही हेइस्कानेनकडे पाहत होतों. एकोणीस वर्षांचा तो मुलगा इतरांबरोबर रांगेंत उभा राहून जिंकणाऱ्यांशीं हस्तांदोलन करीत होता.

पुढचें वर्ष सर्वांच्या लक्षांत आहे. मार्च २०२० मध्यें साथीमुळें तिकडचे सामने बंद पडले, आमची शाळाही बंद पडली. ऑगस्टांत कॅनडांतील टोराँटो व एडमंटन या दोन शहरांत, गड्यांना बाहेरच्या जगापासून वेगळें ठेवून, एकही प्रेक्षक न घेतां, चषकाचे सामने खेळविले गेले. रिकाम्या खुर्च्यांपुढें खेळणें कसें वाटलें असेल याची कल्पना ज्या शिक्षकांनीं त्या दिवसांत मोबाईलपुढें बसून वर्ग घेतले त्यांना चांगली करतां येईल. डॅलसनें कॅलगरी, कोलोरॅडो व व्हेगस या संघांना हरवीत अंतिम फेरी गाठली. तेथें टॅम्पा बे संघानें चार विरुद्ध दोन सामन्यांनीं त्यांना जिंकलें. शेवटचा सामना २८ सप्टेंबरला झाला. या सत्तावीस सामन्यांत हेइस्कानेननें ६ गोल केले व २० गोलांना हातभार लावला. सबंध डॅलस संघांत त्याचाच आंकडा सर्वांत मोठा. पुढच्या रांगेंतल्या गड्यांनाही त्यानें मागें टाकलें. तो एकवीस वर्षांचा होता.

त्याच सप्टेंबरांत आमच्या घराच्या आवाराची भिंत पावसानें खचली होती, व ती बांधावयास तो गवंड्याचा मुलगा आला होता. बांधकामें नुकतीं सुरू झालीं होतीं; आम्हीं मुद्दाम त्यालाच बोलाविलें. सकाळीं पुतण्याकडून सामन्यांतील निवडक दृश्यें मोबाईलवर येत, तीं आम्ही ओसरीवर बसून पाहत असूं. एके दिवशीं तो पाणी प्यावयास आला आणि आमच्या खांद्यावरून पाहत उभा राहिला. पडद्यावर ४ आंकड्याचा गडी उलटा पळत होता.

“सर, हा मागं न बघतां मागं कसा जातो?”

आम्हीं सांगितलें तेवढें सांगितलें. त्यानें तें दृश्य पुन्हां लावावयास सांगितलें. मग तिसऱ्यांदां. मग आमच्या हातांतून मोबाईल घेऊन स्वतःच लावूं लागला; हाताला सिमेंट होतें तें विसरून. थोड्या वेळानें म्हणाला, “बघा सर, तो चकतीकडं बघतच नाहीं. समोरच्याच्या छातीकडं बघतो. हात फसवतील, डोळे फसवतील. छाती जिकडं जाणार तिकडंच माणूस जाणार. मी पण तसंच बघायचों.”

सहावीपासून आठवीपर्यंत तीन वर्षें आम्हीं त्याला शिकविलें. त्यांत हें आम्हीं त्याला कधींही सांगितलेलें नव्हतें, कारण आम्हांसच ठाऊक नव्हतें.

त्यानंतर रोज सकाळीं तो अर्धा तास आधीं येऊं लागला. चहा होई, दृश्यें होत, मग भिंत. भिंतीचें काम चार दिवसांत आटपण्यासारखें होतें, तें अकरा दिवस चाललें. आम्हीं कांहीं म्हटलें नाहीं. शेवटच्या दिवशीं तो थापी धूत असतां आम्हीं धीर करून विचारलें, “त्या वर्षीं तुला जावयाचें होतें का रे?”

तो बराच वेळ थापीच धूत राहिला. मग म्हणाला, “जायचं होतं सर. पण दहावी करून जाऊं का, असं विचारतां येतं, हेंच मला माहीत नव्हतं.”

आम्हीं त्याची क्षमा मागितली. त्याला फार संकोच झाला व तो वाळूचें घमेलें उचलून निघून गेला. दुसऱ्या दिवशीं मजुरीचा हिशेब घेऊन त्याचे वडीलच आले. त्यांनीं अकराऐवजीं सातच दिवसांचे पैसे लावले होते.

जुलै २०२१ मध्यें हेइस्कानेननें डॅलसशीं आठ वर्षांचा नवा करार केला. रक्कम ६ कोटी ७६ लाख डॉलर. ही बातमी पुतण्यानें कळविली, ती आम्हीं त्या मुलाला सांगितली. “इतक्या पैशांत उतार सारखा होईल का हो, सर?” एवढेंच तो म्हणाला, आणि त्याला आम्हीं कित्येक वर्षांनीं हंसतांना पाहिलें.

शाळा उघडल्यानंतर रविवारीं सकाळीं तो मैदानावर येऊं लागला. कोणी सांगितलें म्हणून नव्हे, व त्याला त्याचें वेतनही नाहीं. पांचवी-सहावीच्या मुलांना तो पश्चिमेच्या गोलापुढें उभें करतो आणि चढावर उलटें पळावयास लावतो. हॉकी हातांत देत नाहीं; आधीं पाय, म्हणतो. मुलें धडाधड पडतात, मुरूम लागतो, आयांच्या तक्रारी आमच्याकडे येतात. गेल्या महिन्यांत त्यानें आम्हांलाही रांगेंत उभें केलें. “सर, माझ्या छातीकडं बघा,” असें म्हणून तो आमच्यावर धांवून आला. आम्ही तीन पावलें नीट मागें गेलों, चौथ्याला बसलों. सहावींतल्या एका मुलीनें मात्र त्याला गोलापर्यंत सोडलें नाहीं. ती एकदांही मागें पाहत नव्हती.